मोठ्या पॅराबोलिक छत्रीचा प्रकाश

छायाचित्रणात प्रकाश परावर्तित करणारी दोन मीटर व्यासाची पॅराबोलिक (अन्वस्ताच्या आकाराची) छत्री विकत घेण्यापूर्वी तिच्या आकारापेक्षा फ्लॅश हेड (फ्लॅशचा दिवा) आतबाहेर सरकवण्याच्या दांड्याची चौकशी करावी, असे माझे मत आहे. अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) नाभीपाशी, म्हणजे समांतर किरण जिथे एकवटतात त्या बिंदूपाशी, ठेवलेल्या दिव्याचे किरण परावर्तनानंतर एकमेकांना समांतर जातात. फ्लॅशची नळी बिंदूएवढी नसल्यामुळे आणि छत्रीचे पडदे सपाट पट्ट्यांचे असल्यामुळे प्रत्यक्षात ते थोडे पसरतात, तरीही झोत बराच एकवटलेला राहतो. नाभीचे अंतर काढणे सोपे आहे: व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागावे. व्यास १८० सेंटीमीटर आणि खोली ७५ सेंटीमीटर असेल, तर नाभी तळापासून २७ सेंटीमीटरवर येते.

दिवा तिथून हलवला की प्रकाशाचा स्वभाव बदलतो. तो पाहण्यासाठी मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत उजळणारा दिवा) लावून स्वतः मॉडेलच्या जागी बसावे आणि छत्रीचा नेमका कोणता भाग उजळला आहे, काठ की मधला भाग, हे निरखावे. प्रकाश मोजणारा मीटर ही गोष्ट सांगत नाही.

बाजारात ‘पॅराबोलिक’ म्हणून मिळणारे अनेक सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेट्या) केवळ खोल असतात. त्यांत दिवा तळाशी बसून पुढे तोंड करतो आणि समोर पांढरे कापड असते, त्यामुळे अन्वस्ताचा उपयोग जवळजवळ होतच नाही. ते वाईट नसतात, पण त्यासाठी जास्तीची किंमत मोजू नये.

छत्री खरोखर मोठी असेल, तर छायाचित्रकाराला तिच्यासमोर उभे राहूनही काम करता येते, कारण प्रकाश त्याच्या चहूबाजूंनी चेहऱ्यापर्यंत पोहोचतो.