फायलींच्या याद्या आणि पंचेचाळीस अक्षरांची जागा

गेल्या पावसाळ्यात मी एका जुन्या शेअरवेअर (आधी वापरून पाहा, आवडल्यास पैसे भरा अशा आज्ञावल्यांच्या) सीडीवरची फायलींची यादी एका बुलेटिन बोर्डाच्या साच्यातून काढून दुसऱ्याच्या साच्यात बसवायला घेतली. घरच्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये (डॉस या जुन्या कार्यप्रणालीचे प्रोग्राम आजच्या यंत्रावर चालवणाऱ्या आज्ञावलीत) एक छोटा बुलेटिन बोर्ड चालवण्याची हौस मला आहे. डॉसबॉक्स मोडेमचे सोंग उत्तम वठवतो, त्यामुळे दूरध्वनीची तार नसली तरी आतल्या जुन्या प्रोग्रामला त्याचा पत्ता लागत नाही. या बोर्डाला ती सीडी जोडायची, एवढाच बेत होता. एका संध्याकाळचे काम म्हणून सुरू केलेला हा उद्योग तीन आठवडे चालला, आणि त्यात यादी या साध्या गोष्टीबद्दलचे माझे बरेच समज बदलले.

बुलेटिन बोर्ड म्हणजे कोणाच्या तरी घरातला संगणक, त्याला लावलेला मोडेम आणि दूरध्वनीची एक लाइन. पहिला असा बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघांनी शिकागोमध्ये १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू केला. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधी मुंबईत ज्यांच्याकडे मोडेम होता, त्यांच्यासाठी असे बोर्ड हीच बाहेरची दुनिया होती. संदेश, गप्पा, खेळ हे सगळे तिथे असेच. पण माझ्यासारखे अनेकजण जात ते फायलींसाठी, आणि फायलीपर्यंत जाण्याचा रस्ता यादीतूनच जाई.

ही यादी किती आखीव असे, ते पीसीबोर्ड या बोर्ड चालवणाऱ्या अमेरिकी आज्ञावलीच्या एका ओळीवरून कळते. पहिल्या १२ रकान्यांत फाइलचे नाव असते, कारण डॉसच्या नियमाप्रमाणे आठ अक्षरे, एक टिंब आणि तीन अक्षरे मिळून बाराच होतात. चौदाव्या ते एकविसाव्या रकान्यात उजवीकडे सरकवलेला आकार, चोविसाव्या ते एकतिसाव्या रकान्यात तारीख, आणि चौतिसाव्या रकान्यापासून वर्णन. वर्णनाला ४५ अक्षरांची जागा धरली, की ओळ ७८ रकान्यांत संपते आणि ८० रकान्यांच्या पडद्यावर न मोडता बसते. वर्णन लांबले तर पुढच्या ओळीत ३१ मोकळ्या जागा सोडून बत्तिसाव्या रकान्यात एक उभी रेघ काढायची आणि मजकूर पुन्हा चौतिसाव्यापासून सुरू करायचा. पुढे झिप फायलींच्या पोटात फाइल_आयडी.डिझ नावाची छोटी वर्णनचिठ्ठी ठेवण्याची प्रथा पडली, तिची मर्यादाही दहा ओळी आणि दर ओळीत ४५ अक्षरे अशीच ठरली. ही चिठ्ठी पीसीबोर्डच्याच परिवारातून आली असल्यामुळे हा आकडा योगायोगाचा आहे असे मला वाटत नाही. नाव, आकार आणि तारीख पडद्यावर बसल्यावर जी जागा उरली, तीच सगळ्या शेअरवेअर जगाच्या वर्णनांची लांबी झाली.

फिडोनेट या बोर्डांच्या जाळ्याच्या परिवारातली तऱ्हा निराळी. त्यांच्याकडे प्रत्येक विभागाच्या डिरेक्टरीत फाइल्स.बीबीएस नावाची एक साधी मजकुराची फाइल असे, आणि तिच्या ओळीत दोनच गोष्टी: नाव आणि वर्णन. आकार व तारीख त्यात लिहीतच नसत. यादी दाखवण्याच्या क्षणी प्रोग्राम डिस्कला विचारून ते आकडे भरी, आणि फाइल जागेवर नसेल तर तसे सांगून मोकळा होई.

या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या, की रूपांतराचे काम दोन्ही दिशांना सारखे नाही, हे ध्यानात येते. पीसीबोर्डच्या यादीवरून फाइल्स.बीबीएस बनवताना दोन रकाने गाळायचे एवढेच काम. उलट दिशेने जायचे, तर नुसती यादी घेऊन बसता येत नाही. मूळ डिस्क हाताशी लागते. ती असेल तर आकार आणि तारीख केव्हाही पुन्हा मिळवता येतात. वर्णन मात्र डिस्क सांगू शकत नाही. ते कोणी तरी माणसाने, बहुधा रात्री उशिरा, फाइल स्वतः उघडून पाहून टंकलेले असते. म्हणून मी माझ्या प्रोग्रामसाठी एकच नियम ठरवला: आकडे चुकले तरी चालतील, वर्णनातले अक्षरही गळता कामा नये. हा नियम पाळणे किती अवघड आहे, ते त्यानंतर कळले.

पहिला फटका बसला तो क्रमवारीत. पीसीबोर्डची यादी नावानुसार लावून घ्यावी म्हणून मी ती सरळ सॉर्ट या आज्ञेच्या हवाली केली. निकाल पडद्यावर आला तेव्हा पहिल्या कित्येक पानांत एकही फाइल दिसेना. दिसत होत्या त्या फक्त उभ्या रेघेनंतरच्या अर्धवट ओळी, एकीखाली एक, वर्णानुक्रमाने शिस्तीत लावलेल्या. कोणाचे तरी "आणि छापण्याची सोय", कोणाचे तरी "नोंदणी केल्यास पुस्तिका मिळेल", अशा अर्थाचे इंग्रजी तुकडे, आपल्या मूळ फायलींपासून कायमचे तुटलेले. कारण उघड होते. पुढे चालू राहणारी ओळ मोकळ्या जागेने सुरू होते, मोकळ्या जागेचा आस्की क्रमांक (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेला आकडा) ३२, आणि तो सगळ्या आकड्यांच्या व अक्षरांच्या आधी येतो. मूळ प्रत शाबूत होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी आधी नोंदीच्या सगळ्या ओळी जोडून एक लांबलचक ओळ करतो, जोडाच्या ठिकाणी मजकुरात कधीच न येणारे एक नियंत्रणचिन्ह ठेवतो, मग क्रम लावतो आणि शेवटी त्या चिन्हांपाशी ओळी पुन्हा मोडतो. जोडाची जागा लक्षात ठेवणे आवश्यक असते, कारण अनेक वर्णनचिठ्ठ्यांत चौकटी आणि अक्षरचित्रे काढलेली असतात. त्यांचा मजकूर सलग करून ४५ अक्षरांवर नव्याने मोडला, तर चौकटीचा चुराडा होतो.

पुढे चालू राहणाऱ्या ओळींबाबत फिडोच्या परिवारातही एकमत नव्हते. कुठे अधिकचिन्ह, कुठे उभी रेघ, तर कुठे फक्त समासातली मोकळी जागा. त्यातच काही आज्ञावल्या मोकळ्या जागेने किंवा आडव्या रेघेने सुरू होणारी ओळ ही यादीतली टीप किंवा शीर्षक आहे असे मानून जशीच्या तशी छापत. म्हणजे एका घरातले वर्णनाचे उत्तरार्ध दुसऱ्या घरात गेले की शीर्षके होऊन बसणार. यादीत कोणते चिन्ह वापरले आहे, ते आधी डोळ्यांनी पाहून ठरवणे याला मला अजून तरी पर्याय सापडलेला नाही.

सर्वांत मौजेची यादी सिमटेलची. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे अमेरिकी लष्कराच्या क्षेपणास्त्र तळावर सिमटेल२० नावाचे डिजिटल कंपनीचे मोठे यंत्र होते आणि त्यावर मोफत व शेअरवेअर आज्ञावल्यांचा प्रचंड साठा होता. ते यंत्र १९९३ मध्ये बंद झाले, पण वॉलनट क्रीक या कॅलिफोर्नियातील कंपनीच्या सीडींमुळे तो साठा जगभरच्या बोर्डांवर पोचला. त्याच्या जुन्या यादीत प्रत्येक ओळीत स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आठ भाग असतात: साठ्याचे नाव, कोनी कंसातली डिरेक्टरी, फाइलचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, लांबी, बिटांची संख्या, तारीख आणि वर्णन. आवृत्तीचा क्रमांक का, तर त्या यंत्राच्या टॉप्स-२० या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलच्या पिढ्या मोजल्या जात. बिटांच्या जागी ७ किंवा ८ का, तर यंत्राचा शब्द ३६ बिटांचा होता आणि त्यात मजकुराची सात बिटांची पाच अक्षरे किंवा आठ बिटांचे चार बाइट बसत. माझ्या बोर्डाला या दोन्ही भागांचा काडीइतका उपयोग नाही, आणि तरीही ते टाकून देताना माझा हात क्षणभर अडखळला, हे कबूल केले पाहिजे.

अडचण झाली ती स्वल्पविरामांची. वर्णन अवतरणचिन्हांत असते आणि त्याच्या आतही स्वल्पविराम येतात. मी हट्टाने ऑक हे मजकूर तोडण्याचे जुने साधन वापरून ओळ स्वल्पविरामांवर तोडली, तेव्हा जिथे वर्णनात स्वल्पविराम होता तिथे त्यापुढचा मजकूर गळून पडला, आणि हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले, कारण उरलेले अर्धे वाक्यही वाचायला ठीकच वाटत होते. गंमत अशी की त्या काळच्या साध्या बेसिकला हा प्रश्न पडलाच नसता. त्याची फाइलमधून वाचण्याची इनपुट ही आज्ञा अवतरणांतला स्वल्पविराम मजकूर म्हणूनच घेते, आणि ही यादी अशाच प्रोग्रामांना सोयीची होती. शेवटी मी पायथनचे तयार साधन वापरले आणि ऑक बाजूला ठेवला.

तारखांचे त्रांगडे वेगळेच. सिमटेलमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. पीसीबोर्डमध्ये महिना, दिवस, वर्ष. आपल्या डोळ्यांना ०३-०४-९३ म्हणजे ३ एप्रिल, पण बोर्डाच्या अमेरिकी संचालकाने ती ४ मार्च म्हणून लिहिलेली असते. वर्षाचे दोनच अंक असल्यामुळे शतक ठरवावे लागते. डॉसची तारीख १९८० पासून सुरू होते, म्हणून ८० ते ९९ विसाव्या शतकात आणि बाकीचे एकविसाव्यात, असा सोपा नियम मी लावला. पण त्याहून खोल प्रश्न असा, की ही तारीख कशाची? ज्या बोर्डात यादीतच तारीख लिहीत, तिथे ती फाइल बोर्डावर आली तो दिवस असू शकते. फाइल्स.बीबीएसच्या घरात मात्र डिस्कवरचीच तारीख दिसते, आणि "मागच्या भेटीनंतर काय नवे आले" हा प्रत्येक सभासदाचा पहिला प्रश्न तिच्यावरच सोडवला जाई. म्हणून संचालक आलेल्या फाइलवर त्या दिवसाची तारीख चढवीत. सीडीवर हे शक्य नाही. तिथल्या फायली कायम जुन्या, त्यामुळे काल जोडलेली अख्खी सीडी नव्या फायलींच्या यादीत येतच नसे. शिवाय प्रत्येक फाइलसाठी सीडीला आकार विचारणे फार संथ होई. सीडी विकणारे एकाच तबकडीवर निरनिराळ्या बोर्डांसाठी चार-पाच साच्यांतल्या तयार याद्या देत, त्यामागे ही गैरसोयही असावी.

लांब वर्णने कोणाला किती महाग पडत, तेही मी एकदा हिशेब करून पाहिले. २४०० बिट वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण २४० अक्षरे येतात. पाचशे फायलींची एकओळी यादी, दर ओळीला ८० अक्षरे धरली, तर सुमारे पावणेतीन मिनिटांत संपते. त्याच पाचशे फायलींची दहा-दहा ओळींची वर्णने मात्र जवळजवळ अठ्ठावीस मिनिटे घेतात, आणि त्यात प्रत्येक ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागांचेही पैसे दूरध्वनीच्या बिलात लागतात. काही रूपांतरक प्रोग्राम वर्णन पहिल्या ओळीशीच छाटत, याचा मला पूर्वी राग येई. हा हिशेब मांडल्यापासून तो राग पुष्कळ निवळला आहे.

बाकीच्या खोड्या थोडक्यात. टॅबचे चिन्ह असेल तर सगळे रकाने सरकतात. पीसीबोर्डचे रंगांचे संकेत दुसऱ्या बोर्डावर ॲट चिन्हासह कचऱ्यासारखे छापले जातात. चौकटीची चिन्हे युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये नेली की एका बाइटाचे तीन बाइट होतात (देवनागरी अक्षरांचेही होतात, म्हणून हा धडा मला आधीच मिळालेला होता), तेव्हा रकाने बाइटांनी न मोजता अक्षरांनी मोजावे लागतात. रिमोटॲक्सेस या बोर्डाच्या आणखी एका आज्ञावलीने पुढच्या आवृत्तीत मजकुराची यादी सोडून स्वतःचा कोश वापरायला घेतला. तिथे त्याच्याच निर्यातीच्या सोयीवर विसंबावे हे बरे.

कंट्रोल-झेडची गोष्ट मात्र सांगायला हवी. एका विभागाची यादी माझ्या प्रोग्रामला काहीशे ओळींची दिसे आणि डॉसमधल्या टाइप या आज्ञेला जेमतेम चाळीस ओळींची. मध्येच एक २६ क्रमांकाचे चिन्ह बसलेले होते. सीपी/एम या डॉसपूर्वीच्या प्रणालीत फाइलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांतच मोजली जाई, म्हणून मजकूर नेमका कुठे संपतो ते सांगायला हे चिन्ह लागे. डॉसने ही सवय उचलली. कोणी तरी दोन याद्या एकीपुढे एक चिकटवल्या असणार आणि पहिलीचे शेवटचे चिन्ह मध्येच राहून गेले असणार. त्यापुढच्या फायली त्या बोर्डावर किती काळ कोणाला दिसल्याच नसतील, कोण जाणे.

त्याच १२८ च्या मापाने शेवटची एक नोंद अजून अडून राहिली आहे. यादीत तिचा आकार १२,३४५ आहे आणि डिस्कवर १२,४१६. दुसरा आकडा १२८ ने नेमका ९७ वेळा भागला जातो, म्हणजे ती फाइल कधी तरी क्रिस्टेन्सनच्याच एक्समोडेम पद्धतीने तारेवरून आली आणि शेवटचा तुकडा भरण्यासाठी तिला ७१ बाइटांची शेपटी जोडली गेली. झिपला त्या शेपटीने काही फरक पडत नाही, फाइल नीट उघडते. माझ्या नव्या यादीत मी डिस्कवरचा आकडा लिहिला आहे आणि वर्णनाच्या अखेरीस जुना आकडा जोडला आहे. त्यासाठी वर्णन ४५ अक्षरांच्या पलीकडे गेले आणि एक उभी रेघ काढून दुसरी ओळ घ्यावी लागली.