घोड्याचे कान सगळ्यात शेवटी

गरम काचेतून घोडा करायला शिकतेय, चार महिने झाले. काल पहिल्यांदा कानांसकट अख्खा घोडा अ‍ॅनीलिंगच्या भट्टीत (म्हणजे काच हळूहळू गार करणाऱ्या भट्टीत) गेला आणि मला इतका आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आधीचे तीन घोडे एकाच कारणाने गेले. सळईवर काचेचा गोळा घेतला की तो मधासारखा ओघळतो, म्हणून सळई सतत फिरवत राहायची, क्षणभर जरी थांबलात तरी सगळा गोळा एका बाजूला लोंबतो. मी काय करायचे, चिमट्याने आधी तोंड ओढायचे, मग लगेच कान, मग कात्रीने आयाळीच्या खाचा, त्यात रमून जायचे आणि पायांकडे वळेपर्यंत कान पार गार. काच गार झाली हे दिसतही नाही हो, केशरी रंग गेला की ती नुसती पारदर्शक, निरागस दिसते. मग पाय ओढायला परत आगीत धरलं की टक्! कान खाली.

कारण साधं आहे. बारीक भाग पटकन गार होतो, पोटाचा जाड गोळा आत तापलेलाच असतो, आणि गार झालेल्या काचेला एकदम आग लागली की बाहेरचा थर फुगतो, आतला फुगत नाही, त्या ताणात ती तडकते.

काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतल्या मुरानो बेटावरचे उस्ताद तोंडापासून सुरू करून बघता बघता अख्खा घोडा उभा करतात, एका गोळ्यातून. काच गार व्हायच्या आत त्यांचं काम संपलेलं असतं! माझा हात तेवढा चालत नाही, म्हणून मी क्रमच बदलला. आधी मान, छाती, पुठ्ठे असे जाड भाग, मग पाय, शेपूट, आणि कान अगदी शेवटी. मधे दर थोड्या वेळाने पूर्ण घोडा आगीत फिरवून आणायचा, काम नसलं तरी.

१८८७ पासून हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची फुलं करणाऱ्या ब्लाश्का बापलेकांनी तारेचा आधार आणि गोंदही वापरला, बारीक भाग वेगळे करून जोडले. ते काम अफाटच आहे. पण मला एकाच गोळ्यातून ओढलेली मान जास्त आवडते, त्यात ओढ दिसते.

भट्टी साधारण ५०० डिग्रीवरून रात्रभर हळूहळू उतरली. सकाळी दार उघडलं तर दोन्ही कान जागेवर, उजवा जरासा मागे वळलेला, जणू मागून कुणीतरी हाक मारलीये.