छोटे पट उजवीकडे का जात होते?

पुण्यातल्या प्रॅक्टिस ग्रीनवर (गोल्फमधली कपाभोवतीची, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीची, बारीक कापलेली हिरवळ) शिकवताना मला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "सर, माझा स्ट्रोक बिघडलाय." त्या सकाळी आलेल्या निवृत्त इंजिनिअर साहेबांचंही तेच. दोन मीटरचे सपाट पट, म्हणजे हिरवळीवरून चेंडू घरंगळवत कपात घालायचे फटके, एकामागून एक उजवीकडे. पटर (हे फटके मारायची काठी) सरळ मागे, सरळ पुढे न्यायचा सराव ते घरी गालिच्यावर रोज करत होते.

मुळात हा सल्लाच मला फारसा पटत नाही. पटरचा दांडा तिरका असतो, त्यामुळे खांद्यांतून झुलवला की हेड (दांड्याच्या खालच्या टोकाचा, चेंडूला लागणारा भाग) किंचित आतल्या बाजूने कमानीत जाणारच. ते जबरदस्तीने सरळ न्यायला गेलं की मनगटं कामाला लागतात. शिवाय चेंडू कुठल्या दिशेला सुटणार हे हेडच्या वाटेपेक्षा आघाताच्या क्षणी फेस (हेडची चेंडूला भिडणारी सपाट बाजू) कुठे बघतोय यावर कितीतरी जास्त ठरतं. दोन मीटरवर फेस एक अंश चुकला तर चेंडू साडेतीन सेंटिमीटर सरकतो. कपाचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मधल्यापासून दोन्हीकडे जेमतेम साडेपाच सेंटिमीटर.

म्हणून आधी स्ट्रोक पाहिलाच नाही, नेम पाहिला. "साहेब, मारू नका. फक्त फेस लावा आणि बाजूला व्हा." हेड तसंच धरून फेसला सुताराचा गुण्या टेकवला आणि त्याच्या दुसऱ्या पट्टीच्या रेषेत दोरी ताणली. दोरी कपाच्या मध्यापासून पाचेक सेंटिमीटर उजवीकडे. परत लावायला सांगितलं, पुन्हा तेच. दीड अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला फेस, तोही हात हलायच्या आधी!

कारण उंचीत होतं. पाच फूट पाच इंचाचा माणूस आणि पटर 35 इंची. वाकायला जागाच नाही, त्यामुळे डोळे चेंडूच्या रेषेपासून बरेच आत, पायांच्या बाजूला, आणि रेषा त्यांना तिरपी दिसायची. (टो, म्हणजे हेडचं पायांपासून लांबचं टोक, वर उचललेला होता खरा, पण पटरला लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, तीन-चार अंशांचाच, त्याने दिशा फारशी फिरत नाही.) ग्रिप दोन इंच खाली धरायला लावली. नाकाच्या वरच्या टोकापासून चेंडू सोडून पाहिला, तो रेषेच्या बोटभर आत पडला. हवं तसं. फक्की लावलेल्या दोरीची रेघ ग्रीनवर उमटवली, फेस तिला काटकोनात.

आणि आता पट डावीकडे जायला लागले.

साहेब वैतागले. "यापेक्षा आधीचं बरं होतं!" पण हे व्हायलाच हवं होतं. उघड्या नेमाची भरपाई म्हणून त्यांचं उजवं मनगट कित्येक वर्षं फेस बंद करत, म्हणजे डावीकडे वळवत आलं होतं. ज्या दिवशी भरपाई बरोबर बसे त्या दिवशी पट पडत, दडपणाखाली ती कमी पडे आणि चेंडू उजवीकडे. नेम सुधारला, सवय तशीच राहिली.

मनगट शांत करायला एक उपाय मी नेहमी वापरतो. कपापासून दोन फुटांवर पटर चेंडूला टेकवायचा आणि मागे न नेता नुसता पुढे ढकलायचा. हा फक्त सराव, खेळात असं ढकलणं नियमबाह्य आहे. फेस वळला तर लगेच दिसतं. ते सरळ जमल्यावर डावा हात खाली असलेली पकड दिली आणि पुन्हा दोन मीटरवर आणलं. चेंडूपुढे अर्ध्या मीटरवर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवल्या, मधलं अंतर दीड चेंडू, साधारण 64 मिलिमीटर. त्यातून न शिवता गेलेला चेंडू सपाटीवर कपातच जायला हवा. गेला नाही तर वेग तपासायचा: चुकलेला चेंडू कपापुढे एक-दीड फुटावर थांबावा. त्याहून जोरात असेल तर काठ त्याला आत घेत नाही.

निघताना साहेब दांडा कापायला निघाले होते. थांबवलं. दोन इंच कापले की हेड हातात हलकं वाटतं, लय बदलते. तूर्त ग्रिपवर खूण म्हणून चिकटपट्टी. पकड पक्की झाली की मग कापू, आणि हेडला वजनही तेव्हाच लावू.