आईच्या बोटाचं माप

त्या दिवशी ओपीडीत सात वर्षांची एक मुलगी आली. उजवा हात फ्रॉकच्या खिशात. "दाखव बाळा," म्हटलं तर आईकडे बघत राहिली. शेवटी आईनंच तो हात हळूच बाहेर काढला. तर्जनी मोठ्या बाईच्या बोटासारखी जाडजूड, शेंड्याशी वाकलेली. बाकी पंजा मात्र सात वर्षांच्या पोरीचाच.

मॅक्रोडॅक्टिली, म्हणजे एखादं बोट अवाजवी मोठं असणं. हाताच्या शस्त्रक्रिया इतकी वर्षं करतेय, पण अशी ही माझी तिसरीच केस. यात हाड, चरबी, मज्जातंतू, कातडी, नख, सगळंच वाढतं. काही मुलांत ते बोट बाकीच्या हाताच्या प्रमाणात वाढतं. हिचं बोट हाताला मागे टाकून पुढे निघालं होतं.

"मॅडम, हिच्या वेळी ग्रहणात मी भाजी चिरली होती," आई खालच्या आवाजात म्हणाली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

बाहेर रांग होती, तरी मी पेन खाली ठेवलं. गर्भ वाढत असताना एखाद्याच पेशीतल्या जनुकात बदल होतो, बहुतेक वेळा पीआयके३सीए या जनुकात. त्या पेशीपासून जेवढा भाग घडतो, तेवढाच वाढत सुटतो. म्हणून एकच बोट असं, आणि बाकी मुलगी ठणठणीत. हे आईकडून येत नाही, बापाकडून नाही, आणि ग्रहणामुळे तर नाहीच. "आजी, तुमच्या सुनेचा यात काडीचाही दोष नाही," हे मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून सांगितलं. पदराआड आई किती वेळ रडली.

मग पट्टी घेतली. मुलीचं बोट ६१ मिलिमीटर. "आता तुमचा हात द्या, ताई." ती दचकली. आईची तर्जनी ६८. मुलीचं बोट आईच्या बोटाइतकं झालं, की हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या चकत्या शस्त्रक्रियेनं बंद करायच्या. मुलगा असता तर बापाचं बोट मोजलं असतं.

"मग ते तिथंच थांबेल?"

"लांबी थांबेल. जाडी वाढत राहील, ती कमी करायला पुन्हा यावं लागेल. बोट थोडं ताठही राहील." तिच्यापासून हे लपवणं मला बरोबर वाटलं नाही.

कोऱ्या कागदावर आईचा पंजा ठेवून मी पेनानं भोवती रेघ ओढली. दर महिन्याला मुलीचं बोट त्यावर ठेवून बघायचं, शेंडा रेघेला टेकायला आला की लगेच यायचं. माझं सांगून होईपर्यंत मुलीनं आपला उजवा हात त्या कागदावर पसरलासुद्धा होता.