आमवात असताना पायी वारी: चालणं सोडून बाकीचं सगळं

आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, औषधांनी आटोक्यात असेल तर एवढं अंतर पायांना झेपतं. मी माउलींच्या पालखीसोबत रथामागच्या दिंडीत चालते. माझं मत असं की वारीत चालणं त्यातल्या त्यात सोपं. पहाटे उठणं, पंगतीतून उठणं, ओले कपडे पिळणं, रांगेत ताटकळणं हे सांध्यांना जास्त जड जातं. तयारी मात्र सगळे फक्त चालण्याचीच करतात.

आटोक्यात असणं म्हणजे काय, तेही सांगते. सकाळचं आखडलेलं अंग अर्ध्या तासात मोकळं होतंय, एकही सांधा गरम आणि सुजलेला नाही, आणि अलीकडे औषध वाढवावं लागलेलं नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, लिव्हर, किडनी आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) यांचे रिपोर्ट निघण्याआधीच्या महिन्यातले हवेत. यातलं काही बिनसलेलं असेल तर यंदा प्रस्थान बघून आळंदीहून घरी यावं. व्यायामानं सांधे झिजतात ही भीती मात्र सोडावी. नेदरलँड्समध्ये दोन वर्षं चाललेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोरकस व्यायाम करणाऱ्या आमवाताच्या रुग्णांची हालचाल सुधारली आणि रोग भडकला नाही. ज्यांचे गुडघे, खुबे असे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते, त्यांच्याबद्दल तिथेही सावधगिरी सांगितली होती. म्हणून गुडघ्याचा आणि खुब्याचा एक्स-रे डॉक्टरांना दाखवून मगच दिंडीत नाव द्यावं.

सराव गुढीपाडव्याला सुरू करावा. अधिक महिना नसेल तर ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानापर्यंत बारा आठवड्यांना थोडेच दिवस कमी मिळतात. आठवड्यातून चार दिवस वीस-वीस मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. ऊन चढायच्या आत, सातपूर्वी आटपायचं. दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं दहा वेळा, टाचा उचलणं पंधरा वेळा, थांबून पुन्हा तेवढंच. शेवटच्या पंधरवड्याआधी लागोपाठ दोन दिवस पंधरा-सोळा किलोमीटर चालून बघावं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. पहिल्या दिवशी कोणीही चालतं. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं नाही किंवा दुसऱ्या सकाळी सांधा सुजला, तर तो डोस जास्त झाला. पुढच्या वेळी अंतर कमी करायचं. धावायची हौस असेल तर मातीच्या सपाट मैदानावर एक मिनिट हळू धावणं, चार मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. हे पुढे वेळापूरच्या अलीकडे, उतारावरच्या धाव्यात उपयोगी पडतं.

बुटांवर पैसे खर्च करावेत. आमवातात चवडा पसरतो, बोटं वाकतात, म्हणून बूट पुढून रुंद आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्यायचा. दुपारपर्यंत पाय सुजतोच. चवड्याखाली दुखत असेल तर आत चिकटवायची छोटी गादी मिळते. ती चवड्याच्या हाडांच्या किंचित मागे, तळव्याची खळगी संपते तिथे बसली पाहिजे. बरोबर दुखऱ्या जागेखाली लावली तर दाब वाढून दुखणं दुप्पट होतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात. पावसात बूट भिजणारच. सोबत पट्ट्यांच्या, चावणार नाहीत अशा घट्ट सँडल ठेवाव्यात आणि मोज्यांचे चार जोड तरी. प्रत्येक विसाव्याला मोजे काढून बोटांच्या बेचक्या पुसायच्या. चिखल्या आणि फुटलेले फोड इतरांना त्रास देतात, पण मेथोट्रेक्सेटवर, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या आमवाताच्या गोळीवर, असलेल्या माणसाला तिथून जंतुसंसर्ग होऊ शकतो. अनवाणी चालण्याचा नवस याच कारणासाठी बोलू नये.

दिंडीत पहाटे चारच्या सुमाराला सामान ट्रकमध्ये चढायला लागतं. आखडलेल्या हातांनी वळकटी बांधणं, तंबूच्या दोऱ्या सोडणं होत नाही. त्यामुळे बाकीच्यांच्या आधी पाऊण तास उठायचं. अंथरुणातच घोटे गोल फिरवायचे, मुठी उघडमीट करायच्या, मग चहासाठी तापवलेलं पाणी तांब्याभर मागून त्यात हात धरायचे. वळकटीला दोरीऐवजी रुंद वेल्क्रोचा पट्टा लावला की गाठीच उरत नाहीत. जमिनीवर झोपायचं, तर सतरंजीखाली जाड फोमची चटई हवी. ओल खालून येते. टँकरवर बादली भरायची ती अर्धीच, आणि उचलायची दोन्ही हातांनी. कपडे पिळायचे नाहीत. ओला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून त्यावर पाय देऊन उभं राहिलं की मनगटाला पीळ न बसता पाणी निघतं. लवकर वाळणारे कपडे असतील तर तेवढंही पुरे. पंगतीत पत्रावळीसमोर मांडी घालून बसण्याऐवजी कडेला पालथ्या बादलीवर बसून जेवलं तर माउलींचा काही अवमान होत नाही. दिंडीप्रमुखाला निघतानाच हे सांगून ठेवावं, रोज समजावत बसायला नको.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, सुमारे बत्तीस किलोमीटर, त्यात दिवेघाटाची चढण. शिवाय बहुतेक वर्षी त्या दिवशी योगिनी एकादशी असते. सगळे उपाशी किंवा साबुदाण्यावर. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी आणि कमी पाण्यात घेतल्या की पोट बिघडतं आणि किडनीवर ताण येतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन दोन्ही त्यातलीच. त्या दिवशी भगर, दाण्याची आमटी, केळी असं पोटभर खावं, नाहीतर उपास सोडावा. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पालखी घाटात असताना दिवेघाट वाहनांना बंद असतो, दिंड्यांचे ट्रक बोपदेव घाटानं किंवा लांबून वळसा घालून जातात. घाटाच्या पायथ्याच्या वडकीच्या पुढे गुडघा सुजला तर रुग्णवाहिकेशिवाय सोय नाही. म्हणून निर्णय हडपसरच्या विसाव्यालाच घ्यायचा. चवडा किंवा गुडघा तिथे गरम लागत असेल, तर मागे फिरून वेगळ्या रस्त्यानं सासवड गाठावं. सासवडला दोन मुक्काम असतात, एक पूर्ण दिवस मिळतो. त्या दिवशी लोळून राहिलात तर संध्याकाळी अंग पुन्हा आखडेल. दर तासाला दहा मिनिटं फिरणं बरं. लोणंद ते तरडगाव हा टप्पा जेमतेम आठ किलोमीटरचा. मरगळ काढायची ती तिथे.

टाळ धरायची हौस प्रत्येकाला असते. जड टाळाची दोरी बोटांना आवळते आणि प्रत्येक ठोक्याचा हादरा थेट सुजऱ्या पेरांत जातो. हलके टाळ घ्यावेत, दोरीला मऊ कापड गुंडाळावं, आणि दोन अभंगांनंतर शेजाऱ्याकडे द्यावेत. पताका घ्यायची तर काठीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून मूठ जाड करावी, पकड सैल ठेवता येते. फुगडी नको, मनगट आणि कोपर ओढले जातात. डोक्यावर तुळशी वृंदावन किंवा हंडा घेणं मात्र पूर्ण टाळावं. जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात आणि ते बाहेरून कळत नाही. डोक्यामागे सतत दुखणं, मान वाकवली की अंगातून करंट गेल्यासारखं होणं, हात बधिर होऊन वस्तू पडणं, यातलं काही होत असेल तर मानेचा एक्स-रे काढल्याशिवाय वारीलाच जाऊ नये.

वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. हजारो माणसं एकाच वेळी उतारावर पळतात, थांबता येत नाही. उतारावर धावताना चवडा आणि गुडघ्यावर चालण्याच्या मानानं कितीतरी जास्त भार येतो, आणि तेव्हा पायांखाली बारा-चौदा दिवसांची चाल असते. सराव केला असेल, सकाळपासून सांधे शांत असतील, तर डाव्या-उजव्या कडेनं, छोटी पावलं टाकत धावावं. नसेल तर दिंडी पुढे सोडून शेवटच्या पताकेमागून चालत उतरावं. पुढच्या गोल रिंगणातही कडेला उभं राहूनच बघावं. माती उखडलेली असते, घोटा मुरगळतो.

औषधांचं वेळापत्रक वारीत हमखास गडबडतं, कारण वार लक्षात राहत नाहीत, तिथी राहतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी झपाट्यानं कमी होऊन जीवावर बेततं. प्रत्येक आठवड्याची गोळी वेगळ्या पाकिटात, वर तारीख आणि मुक्कामाचं गाव लिहून ठेवावी. जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर ती गोळी न घेता डॉक्टरांना फोन करायचा. वाटेवरच्या वैद्यकीय शिबिरात "मी मेथोट्रेक्सेटवर आहे" हे पहिलं वाक्य असावं. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम असलेली प्रतिजैविकं तिच्यासोबत धोक्याची आहेत. स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करू नये, म्हणून चार दिवसांचं औषध ट्रकऐवजी खांद्यावरच्या पिशवीत. फ्रिजमध्ये ठेवायच्या इंजेक्शनचा दिवस आधीच डॉक्टरांशी बोलून निघण्यापूर्वी बसवून घ्यावा. रस्त्याकडेच्या "वातावरच्या" पुड्या कोणी फुकट दिल्या तरी नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मालिश करणारे सेवेकरी पोटऱ्यांना तेल लावू देत, सुजलेल्या घोट्याला हात लावू देऊ नये.

पंढरपुरात आषाढीच्या पदस्पर्शाच्या रांगेत कित्येक तास उभं राहावं लागतं, आणि हे उभं राहणं दिवेघाटापेक्षा वाईट. मुखदर्शन किंवा नामदेव पायरीशी कळसाचं दर्शन घ्यावं आणि पदस्पर्शाला गर्दी ओसरल्यावर परत यावं. परतीच्या एसटीत खिडकीऐवजी मधल्या वाटेकडेची सीट मागावी, म्हणजे पाय लांब करता येतात, आणि गाडी थांबेल तिथे उतरून दोन मिनिटं चालावं.