येवतमाळ, ऊमरा आन् चांदा

परवा आबाची जुनी लोखंडी पेटी उघडली त त्यात दस्ताचा एक पिवळा पडलेला कागद निंगाला, त्याच्या शिक्क्यावर इंग्रजीत येओटमाळ लिहेल होतं. पोरगा म्हणे, बाबा हे त स्पेलिंगच चुकलं! मी म्हटलं थांब राजा, तुही आजी काय म्हणते ते आठव. आजी आजही येवतमाळच म्हणते, यवतमाळ नाही. म्हंजे साहेबानं जे कानावर पडलं तेच लिहून ठेवलं, आन् चूक चूक म्हणता म्हणता आपल्याच आजीची बोली त्या शिक्क्यात टिकून रायली, मले त हे लय आवडलं.

तसंच वाशिमचं बासिम, अचलपूरचं एलिचपूर. अचलपूर स्टेशनचा रेल्वे कोड अजूनही ईएलपी आहे. चंद्रपूरले आमच्या गावातले म्हातारे अजून चांदाच म्हणतात, आन् तिथं चांदा फोर्ट नावाचं स्टेशन आहेच.

पण खरी गंमत अमरावतीची. अमरावतीचं उमरावती, त्याचं इंग्रजांनी ऊमरावती केलं, आन् मंग कापसाच्या बाजारात नुसतं ऊमरा रायलं. वऱ्हाडचा कापूस मुंबईवरून लिव्हरपूलले जाये तवा तिथले व्यापारी त्याले ऊमरा म्हणत, गावाचं नाव मोडून मालाचं नाव झालं! ज्यानं तो कापूस वेचला त्या माणसाले हे कधी कोणी सांगतलं असन का, हाच विचार डोक्यातून जात नाही.