उजवा टायर मोठा का? लेट मॉडेल गाडी मोजण्याचा क्रम

लेट मॉडेल ही अमेरिकेत ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर पळणारी शर्यतीची गाडी, तिची सगळी वळणं डावीकडची. तिच्या मागच्या दोन टायरांना फीत लावली, तर उजव्याचा घेर डाव्यापेक्षा तीन-चार सेंटीमीटरने जास्त भरतो. ठाण्यातल्या एखाद्या टायरवाल्याने अशी जोडी बसवून दिली, तर गिऱ्हाईक आल्या पावली भांडायला येईल. या गाडीत मात्र तो फरक मुद्दाम ठेवलेला असतो. तो का ठेवतात हे एकदा नीट समजलं की गाडीची बाकीची मापं समजायला वेळ लागत नाही.

लेट मॉडेल दिसायला साध्या सेडानसारखी असली तरी आत लोखंडी नळ्यांची चौकट असते, पुढे व्ही-८ इंजिन, कार्ब्युरेटर, आणि जोर मागच्या चाकांना. पत्रा फक्त रूपापुरता, तोही बहुधा फायबरचा. सुपर लेट मॉडेलचं वजन चालकासह साधारण २,८०० पौंड, म्हणजे १,२७० किलो. यातलं डाव्या बाजूला किती टक्के चालेल याची मर्यादा नियमात असते, बऱ्याच ठिकाणी ती ५८ च्या आसपास. लेट मॉडेल स्टॉक हा तिचा थोडा जड, अरुंद टायरांचा भाऊ. इंजिनाबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण अनेक ट्रॅकवर कंपनीतून सीलबंद आलेलं ५.७ लिटरचं, सुमारे ४०० अश्वशक्तीचं इंजिनच वापरतात आणि ते उघडायला परवानगी नसते. सगळ्यांचं इंजिन सारखंच असलं की शर्यत ठरते ती टायर, स्प्रिंगा आणि वजनकाट्यावर.

आधी ट्रॅकबद्दल. अमेरिकेतलं स्टेट फेअर म्हणजे राज्याची जत्राच: गुरांची प्रदर्शनं, खाण्याचे ठेले, पाळणे आणि शर्यती. आपल्या जत्रेत बैलगाडे पळतात तसे तिथे घोडे पळायचे, आणि मोटारी आल्या त्या त्याच धावपट्ट्यांवर. विस्कॉन्सिनच्या जत्रेच्या मैदानातल्या मिलवॉकी माइलवर मोटारींची पहिली शर्यत सप्टेंबर १९०३ मध्ये झाली. डांबर पडलं १९५४ मध्ये. घोड्यांसाठी आखलेली पट्टी असल्यामुळे वळणांचा उतार, म्हणजे बाहेरची कड उंच ठेवून आतल्या बाजूला दिलेला कल, आजही जेमतेम सव्वानऊ अंश आहे. टेनेसीतल्या नॅशव्हिल फेअरग्राउंड्सवर मोटारी १९०४ पासून धावतात. तिथला सध्याचा ट्रॅक ०.५९६ मैलांचा, म्हणजे सुमारे ९६० मीटर, आणि वळणांचा उतार १८ अंश. १९७० च्या सुमारास हा उतार ३५ अंशांपर्यंत चढवला होता, काही वर्षांतच तो उतरवला. लेट मॉडेलची ऑल अमेरिकन ४०० ही शर्यत १९८१ मध्ये इथेच सुरू झाली. राज्याची जत्रा आता दुसरीकडे भरते, ट्रॅक जागेवर आहे. शर्यत इथून थेट बघायची तर दोन्ही गावांचं घड्याळ एकच: उन्हाळ्यात तिथले शनिवारी संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटेचे साडेपाच, आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेसहा.

हा उतार गणितात फार मोठा फरक पाडतो. समजा दोन्हीकडे वळणाची त्रिज्या ९० मीटर धरली. १८ अंशांवर टायरच्या पकडीची मदत न घेता गाडी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वळेल, सव्वानऊ अंशांवर ४३. त्यापुढचं सगळं ओझं टायरवर. म्हणून सपाट ट्रॅकवर चुकीची मापं लगेच उघडी पडतात, आणि शिकायचं असेल तर मिलवॉकीच्या शर्यती जास्त उपयोगी आहेत असं माझं ठाम मत आहे.

आता टायर. पामबीच रस्त्याच्या लांब वळणावर तुमच्या गाडीचं बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, आणि हा हिशोब डिफरन्शियल सांभाळतं. लेट मॉडेलमध्ये मागचा आस बहुधा लॉक असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. सारख्या घेराची चाकं लावली तर गाडी सरळच जाऊ पाहते आणि पुढचे टायर घासत राहतात. उजवं चाक मोठं केलं की तोच आस आपोआप डावीकडे वळतो, जमिनीवर घरंगळणाऱ्या कागदी पेल्यासारखा. या फरकाला स्टॅगर म्हणतात. किती हवा? सरासरी घेराला दोन टायरांच्या मध्यांतल्या अंतराने गुणायचं आणि वळणाच्या त्रिज्येने भागायचं. घेर २.१८ मीटर, अंतर १.६५ मीटर, त्रिज्या ९० मीटर असेल तर उत्तर येतं ४० मिलिमीटर. ही फक्त सुरुवात, कारण चालक प्रत्यक्षात वळणाची रेषा मोठी करून घेतो. स्टॅगर जास्त झाला तर वळणातून बाहेर पडताना मागचा भाग सुटतो आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढून वेग खाते. कमी पडला तर नाक वळत नाही.

घेर मोजायला शिंप्याची कापडी टेप नको, ती ताणली जाते. पातळ पोलादी फीत घ्या, टायरच्या बरोब्बर मध्यावर लावा, चाक जमिनीपासून उचललेलं असू द्या आणि हवा आधी ठरवलेल्या आकड्यावर आणा. हवा बदलली की घेर बदलतो, त्यामुळे हवेचा आकडा न लिहिता नोंदलेला स्टॅगर कामाचा नाही. बायस-प्लाय, म्हणजे आत तिरके धागे एकमेकांवर आडवे टाकलेला टायर पहिल्यांदा तापला की फुगून थोडा मोठाच राहतो, म्हणून नवे टायर एकदा पळवून, थंड करून पुन्हा मोजतात.

हवेचं गणित आपल्या हवामानात जास्त जपावं लागतं. थंड टायरमध्ये २५ अंश सेल्सिअसला १२ पीएसआय भरली आणि आतली हवा ८० अंशांवर गेली, तर दाब १७ च्या जवळ जातो. हे कोरड्या हवेचं उत्तर. जुलै महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून बघा, आधी पाणी येईल. ते पाणी टायरमध्ये गेलं तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब हिशोबापेक्षा बराच वर जातो, तोही चारही टायरांत वेगवेगळा. म्हणून नायट्रोजन, किंवा निदान टाकी रोज रिकामी करून कॉम्प्रेसरला वॉटर सेपरेटर. ओव्हलवर उजव्या बाजूचे टायर जास्त तापतात, त्यामुळे थंडपणी उजवीकडे जास्त आणि डावीकडे कमी हवा ठेवतात. पण वाढही उजवीकडेच जास्त होते, म्हणून वीस फेऱ्यांनंतरचा स्टॅगर सुरुवातीच्या स्टॅगरएवढा राहत नाही. पहिल्या पाच फेऱ्यांत अप्रतिम पळणारी गाडी पुढे हाताबाहेर जाते, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

यानंतर वजन. क्रम मोडायचा नाही: आधी हवा, मग स्टॅगर, मग गाडीची जमिनीपासूनची उंची, मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल), आणि सगळ्यात शेवटी काटा. आधीचं काहीही हललं की काट्यावरचे आकडे बदलतात. वजन करून झाल्यावर कॅम्बरला हात लावला, तर पुन्हा पहिल्यापासून.

चार चाकांखाली चार काटे लागतात. ते एकमेकांशी दीड-दोन मिलिमीटरच्या आत समपातळीत हवेत. गवंडी वापरतो ती पाण्याची नळी यासाठी उत्तम, जमिनीचा उतार मोजून कमी पडेल तिथे पत्र्याचे तुकडे घाला. वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या गाळ्यांमधली जमीन धुण्यासाठी मोरीकडे उतरती केलेली असते, डोळ्याला कळत नाही, काट्याला कळतं. सीटवर चालकाच्या वजनाएवढ्या रेतीच्या गोण्या ठेवा, टाकीत शर्यतीइतकं पेट्रोल ठेवा, पुढचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) एका बाजूने सोडा. टायरखाली ग्रीस लावलेल्या दोन पातळ प्लेटा ठेवल्या तर चाकं आडवी सरकून मोकळी बसतात. नाहीतर रबर जमिनीला चिकटतं, सस्पेन्शन अडकून राहतं आणि खोटे आकडे मिळतात. गाडी पुढून-मागून दाबून हलवा, मग वाचा.

उदाहरण म्हणून हे आकडे घेऊ: पुढे डावं ३७२ किलो, पुढे उजवं २६३, मागे डावं ३६७, मागे उजवं २६८. एकूण १,२७०. डाव्या बाजूला ७३९, म्हणजे ५८.२ टक्के, जिथे मर्यादा ५८ आहे तिथे ही गाडी तपासणीतच बाद. मागे ६३५, बरोबर ५० टक्के. आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं, ६३० किलो, म्हणजे ४९.६ टक्के. या तिरक्या बेरजेला क्रॉस वेट म्हणतात.

इथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली. स्प्रिंगवरचा जॅक बोल्ट फिरवून डाव्या बाजूची टक्केवारी कमी होईल असं वाटतं. होत नाही. बोल्टने फक्त क्रॉस वेट बदलतं. डावं-उजवं आणि पुढचं-मागचं बदलायचं तर गाडीत वजनासाठी बसवलेलं शिसं उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. २० किलो शिसं १.२ मीटर सरकवलं, तर १.६५ मीटर रुंदीच्या गाडीत साडेचौदा किलो इकडचं तिकडे होतं, म्हणजे एक टक्क्याहून थोडं जास्त. वरच्या गाडीला पाव टक्का हवाय, तेव्हा पाच किलोचा एक तुकडा तेवढाच उजवीकडे हलवला तरी पुरे. हे तुकडे बोल्ट आणि लॉकनटने घट्ट बसलेले हवेत, वर गाडीचा नंबर रंगवलेला हवा. ट्रॅकवर पडलेलं शिसं मागच्या गाडीच्या काचेतून आत येऊ शकतं.

क्रॉस वाढवायचं असेल तर एकच कोपरा पिळू नका, उंची बिघडते. मागचं डावं आणि पुढचं उजवं अर्धा फेरा आत, उरलेले दोन अर्धा फेरा बाहेर. एका फेऱ्याने आपल्या गाडीत किती टक्के बदलतात ते एकदा मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा. क्रॉस वाढलं की गाडी टाईट होते, म्हणजे नाक वळत नाही. कमी झालं की लूज, म्हणजे मागचा भाग सुटतो.

कॅम्बरसाठी ओळंबा आणि पट्टी पुरते. पुढचं उजवं चाक वरून आत कललेलं, डावं वरून बाहेर, म्हणजे दोन्ही चाकांचे माथे डावीकडेच झुकलेले. कॅस्टर उजवीकडे डावीकडच्यापेक्षा जास्त ठेवतात, त्यामुळे स्टीअरिंग स्वतःहून डावीकडे झुकतं आणि चालकाचे हात शेवटपर्यंत ताजे राहतात. बरोबर आहे का, ते पायरोमीटरने तपासा: गाडी आत येताच सुई रबरात खुपसून प्रत्येक टायरचं आतलं, मधलं, बाहेरचं तापमान घ्या, सुरुवात पुढच्या उजव्यापासून. मध्य तापलेला म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा तापलेल्या म्हणजे हवा कमी. पुढच्या उजव्याची आतली कड थोडी जास्त गरम असणं ठीक, फारच जास्त असेल तर कॅम्बर कमी करा. गाडी सावकाश फिरवत आणली तर हे आकडे वाया जातात.

चालकाने "टाईट आहे" सांगितलं तर पुढचा प्रश्न "कुठे?" वळणात शिरताना, मधे, की गॅस दिल्यावर? शिरतानाच मागचा भाग सुटत असेल तर आधी ब्रेकची वाटणी पाहा, मागे जास्त गेली असेल. मधे नाक जात नसेल तर क्रॉस आणि पुढच्या स्प्रिंगा. बाहेर पडताना सुटत असेल तर स्टॅगर, किंवा मागचा पॅनहार्ड बार, म्हणजे मागच्या आसाला आडवं सरकू न देणारी दांडी: तो एक खाच वर केला की गाडी लूज होते, खाली केला की टाईट. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही.

गिअरचं काम सगळ्यात सोपं. मागच्या हाउसिंगला क्विक-चेंजचं झाकण असतं, आत दोन सरळ दातांचे गिअर. ऑइल खाली भांड्यात घ्या, झाकण काढा, जोडी बदला, दहा मिनिटांत काम होतं. समजा मागच्या आसातल्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.८६ आहे आणि जोडी २३ व २१ दातांची: एका बाजूने एकूण ५.३२ मिळतं, तीच जोडी वरखाली केली तर ४.४४. टॉप गिअर थेट असतो, त्यामुळे ताशी १६० किलोमीटरला आसाचे मिनिटाला सुमारे १,२२० फेरे आणि ५.३२ ने इंजिनाचे साधारण ६,५००. सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिनाचे फेरे रोखणारा लिमिटर लागत असेल तर एक पायरी खाली, म्हणजे लहान आकड्यावर या. ऑइल काढताना ते बोटांत चोळून पाहा: चकचकीत चुरा नेहमीचा, तुकडा लागला तर झाकण लावू नका, क्राउनचे दात बॅटरीच्या उजेडात एकेक तपासा.